सिव्हिअर म्हणजे नेमके किती?

सोलापुरात विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईचे डोके दुखू लागले, की ते दुखणे केसपेपरावर उतरेपर्यंत दोन-तीन भाषा ओलांडून येते. घरात ती तेलुगूत ‘नोप्पी’ म्हणते, शेजारच्या खाटेवरची अक्कलकोटकडची आजी कन्नडमध्ये ‘नोवु’ म्हणते, दोघीही सिस्टरशी मराठीत बोलतात आणि सिस्टर ते इंग्रजीत लिहून घेते. बाई सांगते, “डोस्क्यात घण पडल्यावानी हुतंय, उजेड बी सोसंना झालाय, कालधरनं डोळ्याला डोळा न्हाई.” केसपेपरावर उमटते ते ‘सिव्हिअर हेडेक, सिन्स वन डे’. यात खोटे काहीच नाही. पण घण गेला, सोसवेनासा झालेला उजेड गेला, जागून काढलेली रात्र गेली, आणि या सगळ्यांचा भार एकट्या ‘सिव्हिअर’वर येऊन पडला.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना मी इंग्रजी शिकवते. मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर अशा भागांतून आलेल्या, बहुतेक मराठी माध्यमातल्या या मुलींची पहिली मागणी ठरलेली असते : “मॅडम, ‘लई’ला इंग्रजीत काय काय म्हणतात, तेवढं लिहून द्या.” त्यांच्याकडे तोवर ‘व्हेरी’ असते, ते पुरले नाही तर ‘व्हेरी व्हेरी’ असते आणि तेही अपुरे वाटले तर ‘टू मच’. मागणी रास्तच आहे, कारण दुःखाची आणि संकटाची तीव्रता सांगण्याचे काम इंग्रजीत फार मोठ्या प्रमाणावर क्रियाविशेषणांकडे सोपवलेले आहे. सिव्हिअरली, सिरिअसली, बॅडली, क्रिटिकली, ग्रेव्हली, ॲक्यूटली, डीपली, बिटरली, डेस्परेटली, टेरिबली, ऑफुली, ड्रेडफुली, एक्स्ट्रीमली : ही यादी तासाभरात पाठ होते. कोणता शब्द कोणापुढे आणि कशाच्या शेजारी बसवायचा, हे मात्र यादीत नसते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आपल्याकडे दुखण्याची तीव्रता दुखण्याच्या नावातच असते. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. जखम ठसठसते, कातडी चुरचुरते, छातीत भगभगते, पायाला गोळा येतो, दाढेतून सणक जाते. मनाचेही तसेच. तगमग, घालमेल, तळमळ, कासावीस होणे, हवालदिल होणे या प्रत्येकाची पातळी ऐकणाऱ्याला आपोआप कळते, वेगळे ‘खूप’ जोडावे लागत नाही. इंग्रजीत असे शब्द नाहीतच, असे मात्र कोणी समजू नये. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. ठणकणारी, भोसकणारी, कुरतडणारी, जळजळणारी असे सगळे प्रकार त्यांत सापडतात. त्याच प्रश्नावलीत तीव्रतेची एक छोटी शिडीही आहे : माइल्ड, डिसकम्फर्टिंग, डिस्ट्रेसिंग, हॉरिबल आणि एक्स्क्रुशिएटिंग. पाच पायऱ्यांच्या या शिडीत ‘डिस्ट्रेसिंग’ तिसरीवर आहे, हे मुलींना सांगितले की त्या चकित होतात, कारण शब्दकोशात त्याच्यापुढे ‘अत्यंत क्लेशदायक’ असे काहीसे वाचलेले असते. पाचव्या पायरीवरच्या शब्दात लॅटिनमधला क्रूस दडलेला आहे. सुळावर चढवण्याची वेदना म्हणजे ती शेवटची पायरी.

प्रश्नावलीतले शब्द मूळचे इंग्रजी बोलणाऱ्याला सुचतात. दुसऱ्या भाषेतून इंग्रजीत आलेल्या माणसाचा हात आधी क्रियाविशेषणाकडे जातो, आणि तिथे शेजारधर्म आडवा येतो. माणूस ‘सिरिअसली इल’ असतो किंवा ‘क्रिटिकली इल’ असतो, पण ‘डीपली इल’ नसतो. जखमी ‘बॅडली’ किंवा ‘सिव्हिअरली’ होतो; काळजीत ‘डीपली’ असतो; निराश ‘बिटरली’ होतो, आणि थंडीही ‘बिटरली’च पडते, पण सोलापूरचे ऊन कितीही कडू वाटले तरी त्याला ‘बिटरली हॉट’ म्हणता येत नाही. गरीब ‘डेस्परेटली’ असतो. दिवस भरत आलेली बाई ‘हेव्हिली प्रेग्नंट’ असते, ‘सिव्हिअरली प्रेग्नंट’ नव्हे. हे वाक्य एकदा वर्गात खरोखर आले आणि मग बराच वेळ कोणाला शिकवणे सुधरले नाही. या जोड्यांमागे तर्क शोधू नये, असे माझे मत आहे. आपण ‘कडाक्याची थंडी’ म्हणतो आणि ‘रखरखीत ऊन’ म्हणतो, त्यांची अदलाबदल का करत नाही, हे तरी कुठे सांगता येते? जोड्या कानाने शिकाव्या लागतात. नियमांची पुस्तके इथे फारशी कामाची नाहीत आणि समानार्थी शब्दांचे कोश तर घातकच आहेत, कारण ते या सगळ्यांना एका ओळीत बसवून मोकळे होतात.

त्यातल्या त्यात दोन शब्द मी पहिल्याच आठवड्यात वेगळे काढून ठेवते. एक ‘हार्डली’. ‘हार्ड’ म्हणजे जोरात, म्हणून ‘हार्डली’ म्हणजे फारच जोरात, असा हिशेब कोणीही करेल. पण ‘अवर व्हिलेज इज हार्डली अफेक्टेड बाय ड्रॉट’ असा अर्ज इंग्रजीत लिहिला, तर गावाने स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखे होते की आम्हाला दुष्काळाची झळ जवळपास लागलेलीच नाही. दुसरा शब्द ‘टू’. आपल्याकडे ‘टू गुड’ हे कौतुक असते, म्हणून ‘टू मच पेन’ हे ‘लई दुखतंय’चे भाषांतर वाटते. ‘टू’ मात्र कशाच्या तरी मर्यादेपलीकडे असे सांगतो, आणि मर्यादा कोणती ते पुढे यावे अशी त्याची अपेक्षा असते : इतके दुखते, की उभे राहता येत नाही. ते पुढचे अर्धे वाक्य डॉक्टरांना उपयोगाचे असते.

‘ॲक्यूट’ची गोष्ट निराळीच आहे. या शब्दाचे मूळ टोकदारपणात आहे, म्हणून तो तीव्रतेचा शब्द वाटतो आणि सरकारी मराठीत त्याला ‘तीव्र’च म्हणतात. वैद्यकात मात्र तो मुख्यतः काळाचा शब्द आहे : अचानक सुरू झालेले, थोड्या काळाचे ते ॲक्यूट, आणि रेंगाळणारे ते क्रॉनिक. ॲक्यूट दुखणे किरकोळ असू शकते आणि क्रॉनिक दुखणे जीवघेणे. ‘सिव्हिअर’लाही आपण ‘तीव्र’च म्हणतो, त्यामुळे इंग्रजीतल्या दोन वेगळ्या मोजपट्ट्या मराठीत येताना एकीवर एक चढतात. अंगणवाडीतल्या ताईंनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. त्या सरळ ‘सॅम’ आणि ‘मॅम’ म्हणतात. सॅम म्हणजे सिव्हिअर ॲक्यूट मालन्यूट्रिशन (कुपोषण), मॅम म्हणजे त्यातलेच मॉडरेट, मध्यम. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दंडाच्या मध्यावर एक रंगीत पट्टी गुंडाळायची, टोक खाचेतून ओढून घ्यायचे आणि खिडकीत दिसणारा आकडा वाचायचा. घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीचा लाल भाग दिसतो आणि बाळ सॅम ठरते; ११५ ते १२५ च्या मधला पिवळा भाग म्हणजे मॅम; त्यापुढे हिरवा. वर्गात ती पट्टी मी हातोहात फिरवते. ‘सिव्हिअर’ हा शब्द इथे लाल रंगात, मिलिमीटरमध्ये छापलेला असतो, आणि कोणाच्याही आवाजातल्या कळकळीने तो इकडचा तिकडे सरकत नाही.

असे शब्द आकड्याला बांधून ठेवण्याची वेळ का आली, हे समजायचे तर बोलण्यातल्या इंग्रजीत याच जातीच्या शब्दांचे काय झाले ते पाहावे. ‘ऑफुली’च्या पोटात देवापुढची भीती होती, ‘टेरिबली’च्या पोटात दहशत होती, ‘ड्रेडफुली’त धसका होता. आज इंग्रज माणूस ‘ऑफुली नाइस’ म्हणतो आणि चहाचा कप पुढे करतो. ‘व्हेरी’ हा मुळात जुन्या फ्रेंचमधला ‘खरा’ या अर्थाचा शब्द. खरेपणाची शपथ घेत घेत तो नुसता ‘खूप’ होऊन बसला, म्हणून त्याच्या जागी ‘रिअली’ आला, तोही त्याच वाटेने गेला. सर्वांत बोलके उदाहरण ‘सोअर’चे. इंग्रजीत सोअर म्हणजे दुखरे, आणि त्याचेच सख्खे भावंड असलेला जर्मनमधला ‘झेअर’ हा शब्द आज फक्त ‘खूप’ एवढेच सांगतो, त्यातली वेदना पार नाहीशी झाली आहे. सोलापुरी शेंगाचटणीचे जसे होते तसेच हे आहे : रोजच्या ताटात असणाऱ्याच्या जिभेला तिखट लागेनासे होते, मग तो लाल मिरची वाढवायला सांगतो. आपण इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. ‘भयंकर आवडलं’, ‘प्रचंड गोड आहे’, ‘जाम भारी’ ही वाक्ये आपणही रोज बोलतो, आणि त्यांत भय, चंडपणा किंवा जाम झालेले काहीही नसते.

शब्द असे उतरत जातात, म्हणून जिथे त्यांच्यावर पैसा, औषध किंवा शिक्षा अवलंबून असते तिथे कोणीतरी त्यांना खुंटा ठोकून देतो. हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजातला ‘एक्स्ट्रीमली’ घ्या. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो ‘हेव्ही’, ११५.६ ते २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेव्ही’ आणि त्याच्या वर ‘एक्स्ट्रीमली हेव्ही’. म्हणजे घरोघरी झिजून गेलेला तो ‘व्हेरी’सुद्धा इथे दशांश चिन्हानिशी काटेकोर आहे. उन्हाचेही तसेच. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांपर्यंत पोहोचल्यावर, ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, त्याहून जास्त फरक असेल तर ‘सिव्हिअर हीट वेव्ह’. किंवा सरासरी काहीही असो, ४५ ला लाट आणि ४७ ला सिव्हिअर. मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडलेल्या माणसाच्या दृष्टीने ४३ अंश हे सिव्हिअरच असतात, पण इथली सरासरीच चढी असल्याने खात्याच्या भाषेत बऱ्याचदा ती साधी लाटही ठरत नाही. “एवढं भाजून निघतंय आणि लाट न्हाई म्हनं,” असे म्हणणाऱ्याला मी काय सांगणार? शब्द त्याच्या अंगासाठी केलेला नाही, नोंदवहीसाठी केलेला आहे.

दुष्काळाच्या बाबतीत हे फार जवळून भोगलेल्या जिल्ह्यात आपण राहतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पाऊस, पीक, जमिनीतला ओलावा, पाणीसाठा यांच्या निर्देशांकांवरून दुष्काळ ‘मॉडरेट’ की ‘सिव्हिअर’ हे ठरते, आणि केंद्राकडे मदत मागण्याचे दार सिव्हिअर ठरल्यावर उघडते. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यांतले ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ४० तालुके जाहीर झाले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. त्यांत सोलापूर जिल्ह्यातले पाच होते. तालुक्याच्या शिवेवर ज्याचे रान आहे त्याला बांधाच्या अलीकडे-पलीकडे ज्वारी सारखीच करपलेली दिसते, पण एकीकडच्या ज्वारीच्या नशिबी ‘गंभीर’ असते आणि दुसरीकडच्या ज्वारीच्या नशिबी ‘मध्यम’. ‘गंभीर’ या शब्दाचा मूळ अर्थ खोल असा आहे, तेव्हा विहिरींच्या बाबतीत तरी तो नेमका बसतो.

याहून चमत्कारिक गोष्ट महाराष्ट्राच्या कायद्यांत नोंदलेली आहे. १९६३ साली राज्याने एक अधिनियम करून आपल्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि तिथे ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, आणली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत बहात्तरचा दुष्काळ आला. कागदोपत्री ती टंचाई होती. ज्यांनी त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या मिलोच्या लाल भाकरी गिळल्या, त्यांच्या तोंडी आजही दुष्काळच आहे. तीव्रतेचा शब्द एक पायरी खाली आणला की दुःख कमी होत नाही, पण त्याच्याकडे पाहणाऱ्या कचेरीचे उत्तरदायित्व नक्की बदलते. शब्द कमी करण्यामागे उद्देश वाईटच होता असे मी म्हणणार नाही. माणसे भुकेने मरू द्यायची नाहीत, तर मग ब्रिटिशांच्या काळातला शब्द हवाच कशाला, अशीही एक बाजू त्यात असू शकते. तरी कायदा करून शब्द खोडण्याची ही कल्पना मला आजवर पचलेली नाही.

फौजदारी कायद्यात तर वेदना दिवसांत मोजलेली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ‘ग्रीव्हस हर्ट’चे, म्हणजे जबर दुखापतीचे, आठ प्रकार होते, आणि आठव्या प्रकारात २० दिवस ‘सिव्हिअर बॉडिली पेन’ सोसावी लागणारी इजा येई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २० दिवस १५ झाले. कायद्याला आपली क्रियाविशेषणे इतकी मोलाची वाटतात, की ‘डिसऑनेस्टली’ आणि ‘फ्रॉड्युलंटली’ यांच्या त्याने स्वतंत्र व्याख्या करून ठेवल्या आहेत.

आता उलटी बाजू. इंग्रजी बोलणाऱ्यांत, त्यातही ब्रिटिशांत, संकट जितके मोठे तितका शब्द छोटा करण्याची रीत आहे. २४ जून १९८२ रोजी जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत सापडून ब्रिटिश एअरवेजच्या जंबो जेटची चारही इंजिने बंद पडली, तेव्हा कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना सांगितले, की आपल्यापुढे एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिने थांबली आहेत, ती सुरू करण्यासाठी आम्ही जिवाचे रान करत आहोत आणि आपण फार ‘डिस्ट्रेस’मध्ये नसाल अशी आशा आहे. इंजिने पुन्हा सुरू झाली, विमान जकार्ताला सुखरूप उतरले, म्हणून हे वाक्य आज हसत सांगता येते. माझ्या परिचयातल्या एका टॉवेल कारखानदारांना याच रिवाजाचा व्यवहारी धडा मिळाला. विलायतेतल्या ग्राहकाने लिहिले होते, की रंगाच्या फरकाबद्दल आम्ही ‘अ लिटल डिसअपॉइंटेड’ आहोत. “थोडंच नाराज हैत म्हनं मॅडम, चालतंय की,” असे म्हणून त्यांनी तो मेल मला दाखवला. मी त्यांना म्हटले, हा माणूस चांगलाच तापलेला आहे, आजच फोन करा. अमेरिकन ग्राहकाचा ‘क्वाइट’ वर चढतो, म्हणजे ‘खूपच’ होतो; ब्रिटिशाचा बहुधा खाली उतरतो, ‘बऱ्यापैकी’वर थांबतो. एकाच शब्दाच्या किमती अशा बंदरागणिक बदलतात.

कमी शब्दांत संकट सांगण्याची चैन परक्या माणसाला परवडत नाही, याचे दुसरे टोक २५ जानेवारी १९९० च्या रात्री न्यू यॉर्कजवळ दिसले. कोलंबियाहून आलेल्या ॲव्हिआंका कंपनीच्या विमानाला धुक्यामुळे आणि गर्दीमुळे बराच वेळ घिरट्या घालाव्या लागल्या आणि इंधन संपत आले. वैमानिकांची मातृभाषा स्पॅनिश होती. त्यांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आल्याचेही सांगितले. पण नियंत्रकाला हलवणारा ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मरण पावले. विमानांच्या आणि जहाजांच्या दुनियेत अशा वेळेसाठी ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारायचा असतो. त्याला ‘व्हेरी’ लागत नाही, ‘एक्स्ट्रीमली’ लागत नाही. मूळचा इंग्रज वैमानिक कदाचित आवाजाच्या चढउताराने निभावून नेईल. दुसऱ्या भाषेतून आलेल्याने मात्र ठरलेला शब्द ठरलेल्या जागी टाकलाच पाहिजे, असे माझे ठाम मत या घटनेवरून झाले आहे.

म्हणून रात्रपाळीत डॉक्टरांना फोन कसा करावा याचा सराव घेताना मी मुलींच्या तोंडून क्रियाविशेषणे आधी काढून घेते. ‘सर, पेशंट इज व्हेरी व्हेरी सिरिअस’ असे कोणी म्हणाले, की मी डॉक्टर होऊन झोपाळलेल्या आवाजात विचारते, “म्हणजे काय?” मग आकडे येतात : बीपी इतके, श्वास मिनिटाला इतके, ऑक्सिजन इतका, अर्ध्या तासापूर्वी याहून बरे होते. एवढे सांगून झाल्यावर ‘शी इज डिटिरिओरेटिंग रॅपिडली’ म्हणायला माझी हरकत नसते, कारण आता ‘रॅपिडली’ला अर्ध्या तासाचा आधार आहे. बाईने सांगितलेले तिच्या शब्दांत लिहिण्याची पद्धत वैद्यकाच्या शिक्षणात पहिल्यापासून आहे. ते अवतरणात, वाटल्यास देवनागरीतच लिहा, असा माझा आग्रह असतो. सगळ्यांना तो पटत नाही. केसपेपरावर जागा किती, असा रोकडा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला होता आणि त्यावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते.

वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांची भाषा आणखी वेगळी. त्यांच्या लेखी ‘सिरियस’ म्हणजे माणूस हाताचा जाणार, आणि ‘स्टेबल’ म्हणजे उद्या घरी. प्रत्यक्षात ‘क्रिटिकल बट स्टेबल’ याचा अर्थ एवढाच, की अवस्था नाजूक आहे आणि सध्या ती आहे तशीच टिकून आहे. मुलींना मी सांगते, की बाहेर जाऊन यातला एकही शब्द वापरू नका. काल काय होते आणि आज काय आहे तेवढे सांगा. “अक्का, ताप अजून उतरला न्हाई, पन दम कालच्यापेक्षा कमी लागायलाय.” त्यावर अक्का विचारणारच, “म्हंजे सिरियस न्हाई न्हवं?” तेव्हा तिला घेऊन ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे जायचे, कारण या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार त्यांचा आहे.